कुलपाजवळची फिकट जागा

गेला दीड महिना माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका लाकडी पेटीचं चित्र लावलेलं आहे. पुण्याहून येताना लेकीने ते जाड कागदावर छापून आणलं. आषाढाच्या हवेने त्याच्या कडा आत वळल्यात, एका टाचणीला गंजही चढलाय, पण ते काढून फाइलमध्ये ठेवायला माझं मन तयार होत नाही. सकाळी चहा घेऊन बसले की पहिली नजर तिकडेच जाते.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका हायस्कुलात 31 वर्षं चित्रकला शिकवली. वस्तुचित्र हा माझा आवडता तास. वर्गात मधोमध स्टूल ठेवायचं, त्यावर तांब्या, असोला नारळ आणि घडी मोडलेला टॉवेल मांडायचा आणि मुलांना म्हणायचं, काढा. त्यामुळे एक वस्तू, एक कागद, पेन्सिल आणि जलरंग एवढ्याच भांडवलावर उभं राहिलेलं चित्र मला नवीन नाही. तरीही या पेटीसमोर पहिल्यांदा बसले ती तासभर उठले नाही. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही.

चित्र अगदी साधं आहे. मागे भिंत नाही, खाली जमीन नाही, शोभेला फुलदाणी नाही. कोऱ्या कागदावर समोरून पाहिलेली पेटी, झाकण बंद. पायांशी पातळ करडी सावली, तीही पेटी अधांतरी वाटू नये एवढ्यापुरतीच. दर्शनी फळीवर तीन कमानी रंगवलेल्या आणि प्रत्येक कमानीत कुंडीतून वर आलेली ट्युलिपची फुलं. बाकी सगळी पेटी निळसर हिरवी. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात येऊन स्थायिक झालेल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांकडे 18व्या शतकात अशा पेट्या असत. पाइनच्या किंवा ट्युलिप पॉप्लरच्या लाकडाच्या, वरून रंगवलेल्या, फुलं, पक्षी, बदाम, तारे काढलेल्या. कित्येक पेट्यांवर ज्याची पेटी त्याचं नाव आणि सालही रंगवलेलं असे. मुलगी मोठी होत जाई तसे तिचे कपडे, चादरी त्यात साठत आणि लग्नानंतर पेटी तिच्याबरोबर सासरी जाई. आपल्याकडच्या बायकांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

मला धरून ठेवलं ते मात्र फुलांनी नाही. कुलपाच्या भोकाभोवती आणि तिथून वर झाकणाच्या ओठापर्यंत पेटीचा रंग उडालेला आहे, आणि ते रंग उडणं चित्रात आहे.

ती जागा मी स्क्रीनवर मोठी करून पाहिली, मग छापलेल्या कागदावर भिंग धरून पाहिली. चित्रकाराने तिथे मातकट पिवळ्या रंगाचा एकच हलका हात दिलाय. तो वाळल्यावर भोवतीचा निळा-हिरवा तीन-चार थरांत चढवलाय आणि दर थर आधीच्यापेक्षा केसभर मागे थांबवलाय. त्यामुळे उडालेल्या रंगाची कड कुठे तुटलेली दिसत नाही. रोज तिथेच बोटं लागून लागून रंग जसा विरत जातो, तशीच ती विरत गेली आहे. आता ज्यांनी जलरंग हाताळलेत त्यांना यातली खरी गोष्ट कळेल. तैलरंगात आख्खी पेटी रंगवून घेऊन नंतर वरून फिकट रंगाने झीज दाखवता येते. पारदर्शक जलरंगात गडदावर फिकट बसत नाही, खालचं वर दिसतच राहतं. म्हणजे जिथे रंग उडालाय ती जागा सगळ्यात आधी ठरवून मोकळी ठेवावी लागते. या चित्रकाराने पेटीचा रंग लावायच्या आधी पेटीची झीज पाहिली. ट्युलिप नंतर आले.

हे चित्र ज्या संग्रहातलं आहे त्याचं नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. 1929 नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लाखो लोकांचा रोजगार गेला, त्यात चित्रकारही होते. सरकारने 1935 मध्ये बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी जी मोठी योजना काढली तिच्यात चित्रकारांसाठी वेगळा विभाग होता. होल्गर कॅहिल त्याचे प्रमुख. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातला चित्रसंग्रह सांभाळणाऱ्या रोमाना जाविट्झ आणि कापडावरच्या नक्षीचं काम करणाऱ्या रूथ रीव्ह्ज या दोघींच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, की देशातल्या जुन्या वापरातल्या वस्तू चित्रांत उतरवून ठेवाव्यात. मग शेकडो चित्रकार पगारावर बसून खुर्च्या, पेट्या, गोधड्या, मडकी, खेळणी, बिजागऱ्या रंगवू लागले. 1942 पर्यंत हे काम चाललं आणि 18,000 च्या आसपास चित्रं तयार झाली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. वेंगुर्ल्यात बसून मला ती फुकट पाहता आली, उतरवून घेता आली, याबद्दल मी त्या लोकांची मनापासून आभारी आहे.

त्या काळी रंगीत फोटो महाग होता आणि त्यातल्या रंगांचा भरवसा नव्हता, म्हणून हे काम जलरंगात करायचं ठरलं. मला वाटतं फार चांगलं झालं. चित्रकारांना मुख्य सूचना होती, वस्तू आहे तशी काढा, पदरचं काही घालू नका. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण ‘आहे तशी’ काढायला बसलं की वस्तू किती आहे हे हळूहळू कळायला लागतं. माझ्या वर्गातली मुलं पाच मिनिटांत तांब्या काढून मोकळी व्हायची. त्यांना मी म्हणायचे, पोचा कुठे आहे तो दाखवा. मग ती परत वर बघायची, आणि त्यानंतर काढलेला तांब्या त्या शाळेतला तांब्या असायचा.

आता पेन्सिलीबद्दल. हा माझा हळवा कोपरा आहे.

माझे बाबा सुतार. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, आणि वाडीत त्यांना नावाने हाक मारलेली मी क्वचितच ऐकली. त्यांची पेन्सिल चपटी, लाल रंगाची, पटाशीने तासलेली आणि कायम कानावर. गिऱ्हाईक आलं, आरामखुर्ची पाहिजे म्हणालं, की बाबा हाताला लागेल त्या फळीच्या तुकड्यावर खुर्ची काढून दाखवायचे. माप इंचात आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), शेजारीच लिहिलेलं. रेघ एकदाच ओढायचे. खोडरबर आमच्या दुकानात नव्हताच. चुकली तर त्या तुकड्यावरून रंधा फिरवायचा, की फळी पुन्हा कोरी. फणसाच्या ताज्या रंधलेल्या फळीचा तो पिवळाजर्द रंग आणि त्यावर शिश्याची करडी रेघ ही माझ्या आठवणीतली पहिली चित्रं. तोच फणस वर्षं गेली की तांबूस तपकिरी होतो, पण रेघ आत कुठेतरी तशीच असते. बाबांनी केलेल्या एका कपाटाचा खण अलीकडे दुरुस्तीला काढला तर पाठीमागे त्यांच्या हातची ‘डावा’ अशी खूण मिळाली. मी तो खण मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते.

पेटीच्या चित्रात मला ती रेघ पुन्हा भेटली. झाकणाच्या खालच्या गोलाईवर रंग रेघेपर्यंत पोचलेलाच नाही, मधे सुतभर कागद कोरा आहे आणि तोच तिथला उजेड झालाय. कमानीच्या मध्यावर एक बारीक उभी खूण आहे, दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून घेतलेली. कोपऱ्यावर दोन फळ्या बोटांत बोटं अडकवल्यासारख्या जिथे सांधल्यात, तिथे तर रंग जवळजवळ नाहीच, नुसती टोकदार पेन्सिल. सांधा हा सुताराचा, म्हणून तो पेन्सिलीचा. असं त्या चित्रकाराने ठरवलं असेल की नाही, देव जाणे, पण मी ते तसंच वाचते.

शाळेत असताना एका स्पर्धेत मी लाकडी देव्हारा काढला होता. बाबांच्या शेजारी बसून सांधे नीट समजून घेऊन काढला होता. परीक्षकांनी सगळ्यांदेखत चित्र वर धरलं आणि म्हणाले, रंगाखाली पेन्सिल दिसतेय, हे कच्चं काम. मी ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढे शिक्षक झाल्यावर स्वतःही तेच सांगत राहिले. रेघ हलकी काढा, रंग लावायच्या आधी पुसून घ्या, दिसता कामा नये. एकदा वरून रंगाचा हात जाऊन वाळला की रेघ पुसता येत नाही, रंगातला डिंक तिला धरून ठेवतो, हे शास्त्र मी भीती घालण्यासाठी सांगायचे. किती मुलांच्या चांगल्या, ठाम रेघा मी पुसायला लावल्या असतील त्याचं आता वाईट वाटतं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर सांगते, रेघ राहू द्या. डिंक तिला धरून ठेवतो ही चांगली गोष्ट आहे.

रंगवलेलं लाकूड म्हणाल तर त्यासाठी आम्हाला पेन्सिल्व्हेनियापर्यंत जायला नको. सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यानपिढ्या लाकडावर रंग चढतोय. लाकडी फळं, खेळणी, पाट, चौरंग. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यांची दशावतारी जोड 120 पानांची, दर अवताराची 12 पानं, आणि ती कला इथल्या राजवाड्यात राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी जिद्दीने जगवली. तिथला रंग दाट असतो, लाकूड पूर्ण झाकतो, वरून लाखेची चकाकी. असा दाट रंग पातळ जलरंगात दाखवायचा तर काय करावं लागतं हे मी गेल्या महिन्यात चितारआळीतून आणलेला एक पाट समोर ठेवून करून पाहिलं. चकाकी रंगवता येत नाही. ती सोडावी लागते. आजूबाजूचं सगळं रंगवत न्यायचं आणि जिथे उजेड पडलाय तिथे हात आवरायचा. पांढरा रंग लावून काम भागवायला गेलं की पाट खडूचा दिसतो.

याच सावंतवाडीत 1882 मध्ये चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर जन्मले. हातातल्या दिव्याच्या ज्योतीआड तळहात धरून उभी असलेली त्यांची तरुणी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते चित्र जलरंगात आहे हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. आम्ही शिक्षक मंडळी सहलीला गेलो होतो तेव्हा मी ते पाहिलं. गर्दीत मागून कुणीतरी ढकलत होतं, तरी बोटांच्या कडांवरचा तो लालसर उजेड मी जेवढा मिळाला तेवढा डोळ्यांत भरून घेतला. पेटीसमोर बसले की अधूनमधून तो हात आठवतो. एकात ज्योत झाकणारी बोटं काढलीत. दुसऱ्यात बोटं नाहीतच, त्यांनी रोज जिथे हात लावला ती जागा तेवढी काढलीय.

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आमच्या काकींचा पेटारा.

काकी म्हणजे यजमानांच्या काकी, वय 84. जुन्या घरात त्या आणि त्यांची एक भाची अशा दोघीच राहतात. माजघरात डाव्या भिंतीला हा पेटारा. फणसाच्या फळ्यांचा, साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, खाली चार लाकडी चाकं. कोकणातल्या जुन्या घरांत असा पेटारा माजघरात असायचाच. तांब्यापितळेची भांडी, ठेवणीतली लुगडी, जमिनीचे कागद सगळं त्यात, आणि वरच्या सपाट झाकणावर रात्री घरातलं कुणीतरी झोपायचं म्हणजे राखणही व्हायची. आत डाव्या हाताला चोरकप्पा आहे. उघडला की वेखंडाचा आणि जुन्या कागदांचा वास येतो. लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलंय. वाळवी लागू नये म्हणून कधीकाळी काजूच्या टरफलांचं तेल फासलेलं, त्याचे ओघळ मागच्या फळीवर अजून दिसतात.

आता घराची डागडुजी निघाली आहे. मुंबईचे चुलत दीर म्हणतात, पेटारा दारातून निघत नाही, अडगळ होते, जुनं फर्निचर घेणारा एक जण चांगली किंमत देतोय. टेम्पो गणेशचतुर्थीनंतर येणार. मी मधे पडण्याचा प्रश्न नव्हता, घर त्यांचं. मी एवढंच विचारलं, तोवर मी येऊन काढू का? काकी म्हणाल्या, “काढ गो. तुका कोणी नको म्हटलानी?”

तर मी रोज दुपारी बोर्ड आणि रंगांची पेटी घेऊन जायला लागले.

पावसात जलरंग करणं म्हणजे धीराची परीक्षा. मे महिन्यात एक हात दहा मिनिटांत वाळतो. आषाढात पाऊण तास झाला तरी कागद थंड लागतो, आणि घाई करून वरून दुसरा हात दिला की दोन्ही एकमेकांत उतरतात. त्यात माझ्याकडचा चांगला कागद दोन पावसाळे कपाटात राहिलेला. वरून स्वच्छ दिसत होता, पण पहिला पिवळा हात दिला आणि जागोजाग ठिपके उमटले. दमट हवेने आणि बुरशीने कागदाची खळ गेली की ती जागा टिपकागदासारखी रंग पिते. दोन दिवसांचं काम टाकून द्यावं लागलं. मग सावंतवाडीहून नवा कागद आणला, ओला करून बोर्डावर ताणून चिकटवला, रात्रभर चुलीजवळ ठेवला.

पेन्सिलीला तीन दुपारी लागल्या. कडीकोयंड्यालाच एक गेली. यावेळी एकही रेघ पुसली नाही. मग येलो ऑकरचा हात, त्यावर बर्न्ट सिएना, कोपऱ्यांत थोडं बर्न्ट अंबर आणि निळा. भिंतीवरच्या पेटीकडून शिकल्याप्रमाणे झिजलेल्या जागा आधी हेरून ठेवल्या होत्या. कोयंड्याभोवतालची, झाकणाच्या पुढच्या कडेची, कडीच्या फेऱ्याने फळीवर ओढलेल्या अर्ध्या गोलाची. तो अर्धा गोल मला फार साधला. कडी शंभर वर्षं जशी झुलली असेल तसाच तो आत खोल आणि टोकांना उथळ आलाय.

परवा काम जवळजवळ संपलं. काकी भिंतीला हात लावत लावत आल्या, चष्मा पुसला आणि बोर्डासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कडी तीच. कोयंडो तोच.” आणि बोट उजवीकडे खाली नेलं, पुढच्या चाकाच्या वर, फळीच्या खालच्या कडेवर. “हयसर खड्डो आसा. तो तुझ्या चित्रातलो खंय गेलो?”

मी वाकून पाहिलं. खरंच होता. त्या कोपऱ्यात केरसुणी उभी असते, तिच्या आड. पंजाएवढी उथळ जागा, गुळगुळीत, बाकी फळीपेक्षा फिकट.

“लगीन होवन इलंय तेव्हा माका ह्याच्यार निजाक सांगलेला,” काकी म्हणाल्या. “मी ठेंगणी. रोज हयसूनच पाय देवन वर चढलंय.” त्यांनी केरसुणी बाजूला केली, एका हाताने झाकण धरलं, वहाण काढली आणि पाय उचलून त्या खड्ड्यात ठेवला. नेमका बसला.

माझ्या चित्रात तिथे तपकिरीचे चार थर वाळून बसले होते. आता तिथे फिकट काही येणार नव्हतं. काकींना मी म्हटलं, पाय थोडा वेळ असाच ठेवता येईल का, पडणार नाही ना? भाचीने त्यांना मागून धरलं. मी कोपऱ्यात पेन्सिलीने खड्ड्याचं माप घेतलं, चार इंच आणि दोन सूत, आणि पिशवीतून दुसरा कागद काढला.